अपडेटनंतर फोन सारखा बंद-चालू होतोय. दुकानदार म्हणतो, सॉफ्टवेअर मारावं लागेल. मारू का?

लगेच नको. आधी त्यांना विचारा, फॅक्टरी रीसेट करणार की फर्मवेअर, म्हणजे फोनची मूळ सिस्टिम, नव्याने टाकणार? दोन्हींत खूप फरक आहे.

रीसेटने अँड्रॉइड नव्याने बसत नाही. सिस्टिमचा भाग वेगळा असतो, त्याला रीसेट हात लावत नाही. पुसले जातात ते तुमचे फोटो, चॅट आणि अ‍ॅप. म्हणजे अपडेट आवडलं नाही म्हणून रीसेट केलात, तर जुनं अँड्रॉइड परत येणार नाही, फोटो मात्र जातील. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरची आवृत्ती घेऊन बाजारात आलेल्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे डिजिटल किल्लीने कुलूपबंद केलेला असतो. रीसेट झाला की किल्लीच जाते, त्यामुळे ‘नंतर रिकव्हर करून देतो’ यावर विसंबू नका.

आता दोष कुठे आहे ते घरीच बघा. पॉवर मेनूतलं ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की बहुतेक फोन सेफ मोडमध्ये जातात. तिथे तुम्ही टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत. दिवसभर फोन नीट राहिला, तर दोष एखाद्या अ‍ॅपचा. अलीकडे टाकलेली एकेक काढत जा. स्टोरेज काठोकाठ भरलं असेल तर तेही रिकामं करा.

सेफ मोडमध्येही बंद पडतोय? मग रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या मेनूत, नेऊन तसाच ठेवा. तिथे मुख्य अँड्रॉइड सुरूच नसतं. तिथेही आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर बॅटरी, पॉवर बटण किंवा बोर्डाकडे बघायला हवं. कॅमेरा उघडला की बंद आणि चार्जर लावला की ठीक, असं असेल तर बॅटरीवर पहिला संशय. नेक्सस ५एक्स या फोनच्या बूटलूपमध्ये (फोन सारखा रीस्टार्ट होत राहणं) दोष असाच हार्डवेअरचा होता. लोक फर्मवेअर टाकून थकले, पण प्रोसेसरचे दोन मोठे कोअर (काम करणारे भाग) बंद केले की त्यातले बरेच फोन सुरू होत. असा दोष सॉफ्टवेअर मारून जात नाही, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण लोकांचे पैसेही जातात आणि मुलांचे फोटोही.

रीसेट करायचीच वेळ आली, तर फोटोंचा आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप खरंच झालाय का, त्याची तारीख उघडून बघा. गुगल खात्याचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करा. रिकव्हरीतून रीसेट केल्यावर फोन तेच खातं मागतो, आणि ते नसेल तर पुढे जाऊ देत नाही.

फर्मवेअर टाकणं हा शेवटचा उपाय. फाइल नेमक्या त्याच मॉडेलची हवी. सध्याच्यापेक्षा जुनी टाकू देऊ नका, काही फोनमध्ये रोलबॅकला, म्हणजे जुन्या आवृत्तीकडे परत जायला, अटकाव असतो आणि फोन कायमचा बंद पडू शकतो. शक्यतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या.

मॉडेल नंबर आणि रिकव्हरीमध्ये काय झालं ते इथे लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.