७४ व्या वर्षी टीएसएच ६.८ आला, थायरॉईडची गोळी लगेच सुरू करावी का?

चोपड्याला राहणाऱ्या आपल्या ७४ वर्षांच्या आईंचा टीएसएच (थायरॉईड ग्रंथी मंदावली की रक्तात वाढणारे, तिला चालना देणारे संप्रेरक) ६.८ आला आहे, फ्री टी-४ (थायरॉईड ग्रंथीचे स्वतःचे संप्रेरक) मर्यादेत आहे, त्यांना थकवा जाणवतो आणि काकूंच्या बाटलीतील १०० मायक्रोग्रॅमची गोळी आजपासूनच द्यावी असा घरच्यांचा आग्रह आहे, असे आपण लिहिले आहे. मी जळगावात औषधांचे दुकान चालवतो. निदान करणे हा माझा प्रांत नव्हे, परंतु ही गोळी रोज हातातून जात असल्याने एवढे निःशंकपणे सांगतो की काकूंची गोळी आईंना देऊ नका. उतारवयात, विशेषतः हृदयविकार असेल तर, डॉक्टर लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे हीच थायरॉईडची गोळी, बहुधा १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि तसेच दीर्घकाळ चालू राहिल्यास हाडे ठिसूळ होतात.

वयाबरोबर टीएसएच थोडा वाढतोच. अहवालावर छापलेली मर्यादा मात्र बहुतेक ठिकाणी सर्व प्रौढांना एकच असते. ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर युरोपात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा सौम्य वाढीसाठी गोळी देऊनही थकव्यात फरक पडल्याचे दिसले नाही. म्हणून अनेक डॉक्टर या वयात दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात, आणि टीएसएच १० च्या वर टिकून राहिला किंवा फ्री टी-४ घसरला तर उपचाराचा विचार करतात. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासून घ्यावी, असे मला वाटते.

पुढे गोळी सुरू झालीच, तर खरी अडचण आपल्याकडे सकाळच्या चहाची असते. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, हे ज्येष्ठांच्या गळी उतरवणे कठीण जाते. अशा वेळी रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी झोपताना गोळी घेता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्यांमुळे तिचे शोषण घटते, त्यामुळे त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. गुडघ्यांसाठी दिलेले कॅल्शियम आणि थायरॉईडची गोळी एकाच घोटात घेणारे ग्राहक मी नेहमी पाहतो. मग टीएसएच उतरत नाही आणि मात्रा विनाकारण वाढत जाते. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत फेरतपासणी करून फारसा उपयोग नाही.

गोळ्यांची बाटली चुलीजवळच्या फळीवर ठेवू नये, कारण हे औषध उष्णतेने आणि ओलाव्याने निकामी होत जाते, आणि खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हे आपल्याला ठाऊकच आहे.