‘व्हेरी बेटर’ का चालत नाही?

प्रश्न: मेलमध्ये मी ‘धिस व्हर्जन इज व्हेरी बेटर’ असं लिहिलं तर सरांनी व्हेरी खोडून तिथे मच केलं. पण मच तर पाणी, पैसा असल्या मोजता न येणाऱ्या नामांआधी लावतात ना? मग बेटरच्या आधी कसं काय? आणि मच चालतं तर मेनी का नाही, ‘मेनी मोर’ तर बऱ्याचदा वाचलंय.

उत्तर: सरांचं बरोबर आहे. मच फक्त नामाआधी येतं हा शाळेतला नियम अर्धाच आहे, ‘थँक यू व्हेरी मच’मध्ये मचच्या पुढे कुठलं नाम आहे सांगा बरं.

गोम अशी आहे की कम्पॅरेटिव्ह, म्हणजे तुलनेचं रूप, आलं की दोघांमधला फरक आला, आणि बेटर, टॉलर, चीपर यांच्या आधीची जागा त्या फरकाच्या मापासाठी असते. ‘शी इज टू इंचेस टॉलर’, ‘इट इज टेन पर्सेंट चीपर’. आता नेमका आकडा सांगायचा नसेल तर त्याच जागी अंदाजाचा शब्द बसतो, मच टॉलर, अ लॉट टॉलर, अ बिट टॉलर, अ लिट्ल चीपर, म्हणजे हे सगळे मुळात ‘किती’वाले शब्द आणि इथे क्रियाविशेषणाचं काम करतात. व्हेरीला हे माप सांगता येत नाही, तो नुसता गुणाचा जोर वाढवतो, म्हणून व्हेरी टॉल चालतं, व्हेरी टॉलर नाही. आपण घसरतो कारण मराठीत तुलनेसाठी विशेषणाचं रूप बदलत नाही, ‘ती खूप उंच आहे’ आणि ‘ती त्याच्यापेक्षा खूप उंच आहे’, दोन्हीकडे उंच तेच आणि खूपही तेच. म्हणून लिहिताना मनात ‘कितीने?’ असं विचारून बघा, प्रश्न बसला की व्हेरी बाद. (इंग्रजीतलं फार आणि आपलं फार ऐकायला अगदी सारखं, पण आपलं कुठेही चालतं आणि त्यांचं ‘फार बेटर’ होतं, ‘फार गुड’ होत नाही. गंमतच आहे.)

आता मेनी. मोर हे स्वतः संख्या सांगत असेल आणि पुढे अनेकवचनी नाम असेल तर मेनी मोर, जसं मेनी मोर बुक्स. पुढे पाणी असेल तर मच मोर वॉटर, आणि मोर विशेषणाला लागलेलं असेल तर कायम मचच, मच मोर एक्स्पेन्सिव्ह. खरी मजा दोन्ही एकत्र आले की येते. ‘वी नीड मच मोर इंटरेस्टिंग बुक्स’ म्हणजे आत्ताची पुस्तकं कंटाळवाणी आहेत, याहून बरीच रंजक हवीत. तिथेच ‘मेनी मोर इंटरेस्टिंग बुक्स’ लिहिलं की सहसा अर्थ होतो, अशी रंजक पुस्तकं आणखी बरीच हवीत. एका शब्दाने मागणीच बदलली! गोंधळ होत असेल तर अ लॉट मोर किंवा फार मोर लिहा, नाम कुठलंही असो चालतं, फक्त वरच्यासारख्या वाक्यात मग अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. फ्यूअरच्या आधीही मच की मेनी असा वाद घालण्यापेक्षा सरळ फार फ्यूअर लिहून मोकळं व्हावं असं माझं मत.

प्रश्न: आजारी माणसाबद्दल ‘इज ही एनी बेटर?’ असं विचारतात, यात एनी कशाला?

उत्तर: तेच माप. थोडा तरी फरक पडलाय का, असं विचारायचंय. एनी बेटर प्रश्नात आणि नकारात येतं, ‘ही इजन्ट एनी बेटर’, आणि तेच आटोपशीर सांगायचं तर ‘ही इज नो बेटर’. साध्या होकारात मात्र ‘ही इज एनी बेटर’ होत नाही, तिथे अ बिट बेटर म्हणा. आणि क्वाइट बेटर जपून वापरा, क्वाइट एरवी कम्पॅरेटिव्हला लागत नाही, इथे लागलं की माणूस पूर्ण बरा झाला असा अर्थ होतो.