पाळीव अजगरांना खरंच वेगवेगळा स्वभाव असतो का?

हो, आणि नीट पाहिलं तर तो ओळखता येतो. अमेरिकेतले पाळणारे बर्मीज अजगराला शांत, तर जाळीदार नक्षीच्या रेटिक्युलेटेड जातीच्या अजगराला चौकस मानतात. पण एकाच मादीची पिल्लंही वेगळी निघतात! जीभ सावकाश आत-बाहेर होत असेल तर तो अंदाज घेतोय. मान आखडून फूत्कारला, तर हात लावू नका. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, तेव्हा गरीब अजगरही चिडतो. भुकेची झडप मात्र राग नव्हे. ओठांवरच्या खाचांना उष्णता जाणवते, त्यामुळे हातही भक्ष्य वाटतो. म्हणून जाणकार आधी टोकाला वळलेल्या काठीने हलकेच स्पर्श करतात. मोठ्या अजगराला एकट्याने कधीही हाताळू नये. भारतात देशी अजगर पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.