बैठकीतील शांतता

नव्या नोकरीत रुजू झालेल्या अनेकांना एकच काळजी पोखरत असते: "इथे मला कोणी आपले मानत नाही, माझ्यातच काही कमी आहे का?" भोसरीतील एका कारखान्याच्या नियोजन विभागात लागलेली तरुणी चार महिन्यांनी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). सोमवारच्या बैठकीत तिने मांडलेल्या सूचनेवर कोणी चकार शब्द काढला नव्हता आणि त्या रात्रीपासून तिची झोप उडाली होती.

मी तिला एक वही करायला सांगितली. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठातील दिवंगत अभ्यासक एडगर शाईन यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितले आहेत: डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, संस्था उच्चारते ती मूल्ये आणि सर्वांत खाली, कोणीच बोलून दाखवत नाही अशी गृहीतके. पहिल्या दोन थरांत जिथे विसंगती आढळते, तिथे तिसऱ्याचा माग लागतो; म्हणून तीन आठवडे जे दिसेल ते, बरे-वाईट न ठरवता, तिने टिपायचे होते.

वहीत एका पानावर होते: "भिंतीवर पाटी: प्रत्येकाचे मत मोलाचे. बैठक ४५ मिनिटे. साहेबांखेरीज तिघे बोलले, तेही होकारापुरते." दुसऱ्या पानावर साडेदहाच्या चहाची नोंद होती, तिथे मात्र सगळेच तावातावाने बोलत होते. अखेर तिने उत्पादन विभागातल्या जुन्या फोरमनकाकांनाच विचारले. ते म्हणाले, "मॅडम, साहेबांना चारचौघांत तोंडघशी पाडायचं नसतं. आधी कानावर घालायचं, मग मीटिंग."

हे वाचून दाखवताना तिचा आवाज पहिल्यांदाच सैल झाला. ज्या शांततेला ती स्वतःवरचा अविश्वास समजत होती, ती तिथली अदब होती. अर्थात, संस्कृती समजून घेणे म्हणजे ती निमूटपणे पत्करणे नव्हे. छळ किंवा अप्रामाणिकपणा असेल, तर तिथे वही पुरत नाही, तक्रारच करावी लागते, हे मी तिला स्पष्ट सांगितले.

पुढची सूचना तिने शनिवारीच काकांच्या कानावर घातली. सोमवारी साहेबांनी ती स्वतःहून मांडली, मंजूरही केली. तिचे नाव मात्र कुठेच आले नाही. हे आपल्याला चालणार आहे का, यावर सध्या आमचे बोलणे सुरू आहे.