सगळं मिळालं, मग बरं का वाटत नाही?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सारखं कोणी ना कोणी येतंच. नोकरी चांगली, घर स्वतःचं, मुलं नीट, तरी आतून काही वाटत नाही. त्यातली एकच केस लिहिते, त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पंचेचाळिशीचे गृहस्थ. प्रमोशन होऊन सहा महिने झालेले, घराचं लोन नुकतंच फिटलेलं. मला म्हणाले, "मॅडम, शेवटचा हप्ता गेल्याचा मेसेज आला, वाचला आणि फोन परत खिशात टाकला. बस. काहीच वाटलं नाही." झोप, भूक ठीक होती, डॉक्टरांना दाखवून झालं होतं (हे मी आधी विचारतेच, डिप्रेशन असेल तर नुसत्या बोलण्याने भागेलच असं नाही). मग ते बौद्ध धर्माबद्दल वाचायला लागले आणि जास्तच घाबरले, तृष्णा हेच दुःखाचं मूळ म्हणे, मग संसार सोडल्याशिवाय सुख नाहीच का?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. बुद्धांनी दुःख सांगितलं हे माहीत असतं, पण संसारी माणसाचं सुखही त्यांनी मोजून सांगितलंय ते कोणी वाचलेलं नसतं. अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, अनण सुत्त म्हणून छोटासा उपदेश आहे, अनाथपिंडिकाला सांगितलेला, म्हणजे श्रावस्तीचा तो श्रीमंत गृहस्थ ज्याने जेतवन दान दिलं. त्याला संसार सोड असं त्यात कुठेच नाही, चार सुखं सांगितलीत. अत्थिसुख, घाम गाळून आणि सरळ मार्गाने कमावलेलं आपल्यापाशी आहे याचं. भोगसुख, ते वापरण्याचं आणि त्यातून पुण्य करण्याचं. आनण्यसुख, कुणाचं लहानमोठं काही देणं नाही याचं. आणि अनवज्जसुख, काया-वाचा-मनाने बोट ठेवायला जागा राहील असं आपण वागलो नाही याचं. बाकीची सुखं या चौथ्याच्या सोळाव्या हिश्शालाही पुरत नाहीत असं बुद्ध म्हणतात.

मी हे कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवलं. पहिल्या तिन्हींवर त्यांनी पटापट बरोबरच्या खुणा केल्या, आनण्यसुखाला तर जरा हसले पण. चौथ्यावर पेन टेकलं ते टेकलंच, शाईचा ठिपका मोठा होत गेला, मी काही बोलले नाही. मग हळूच म्हणाले, ज्या प्रोजेक्टवर प्रमोशन मिळालं त्याचं निम्म्याहून जास्त काम टीममधल्या एका ज्युनियर मुलीचं होतं, प्रेझेंटेशनमधून तिचं नाव मीच काढलं. "कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही."

आणि मग पहिल्या सुखावरची खूणही त्यांनी स्वतःच खोडली. 'सरळ मार्गाने' या शब्दांवर बोट ठेवून बसले होते.

"आता काय, राजीनामा देऊ?" तर तसंही नाही. केलेल्या चुकीवरून मन कुरतडत बसणं याला पालीत कुक्कुच्च म्हणतात आणि बुद्धांनी ते मनाच्या पाच अडथळ्यांत, नीवरणांत, धरलंय. आपल्या मुलाला, राहुलाला, त्यांनी सांगितलं ते मला यापेक्षा खूप कामाचं वाटतं: आरशात बघावं तसं आपलं कर्म बघ, चुकलं असेल तर जाणत्या माणसापुढे उघड बोल आणि पुढे सांभाळ. एवढंच. माझ्या कामात मी हे इतक्यांदा खरं ठरताना पाहिलंय की मला ते फक्त धर्माचं वाटतच नाही.

साहेबांना मेल लिहायला त्यांना दोन आठवडे लागले, चार वेळा ड्राफ्ट करून खोडला. शेवटी गेला, त्या मुलीला कॉपी ठेवून. साहेब काही दिवस तुटक वागले, प्रमोशन राहिलं, तिचं एका ओळीचं उत्तर आलं, त्यात माफीबिफी काही नव्हतं, 'वाचलं' एवढंच. ते त्यांना लागलं, त्यावर आम्ही एक पूर्ण सेशन बोललो.

त्यानंतरच्या वेळी उठता उठता म्हणाले, "काल तो लोनचा मेसेज शोधून परत वाचला. बायकोलाही वाचून दाखवला."