हेडसेट लॅपटॉपला जोडेना? आधी खिशातला फोन बघ

अरे, हेडसेट परत द्यायला लगेच टिळकवाडीच्या दुकानात पळू नकोस. आधी फोनचं ब्लूटूथ बंद कर. हेडसेट सवयीनं जुन्या सोबत्याकडं जातो आणि लॅपटॉप बिचारा नुसता 'पेअर्ड' (ओळख झालीय एवढंच) दाखवत बसतो. माझा एकदा माजघरात चार्जिंगला लावलेल्या बायकोच्या फोनला चिकटला होता. मी इकडं अर्धा तास लॅपटॉपचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर शोधतोय!

तरी नाही जमलं, तर ब्लूटूथच्या सेटिंगमधनं हेडसेटचं नावच काढून टाक. मग त्याचं बटण दिवा भराभर चमकेपर्यंत दाबून धर आणि नव्यानं जोड. नुसतं बंद-चालू करणं वेगळं, हे वेगळं.

आवाज तुटतोय? शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टात हार्डडिस्क लावलीयस का बघ. तिच्या रेडिओ लहरींचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो आणि ब्लूटूथही तिथंच चालतं. डोंगलवाला (यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरचा) हेडसेट असेल तर डोंगल छोट्या एक्स्टेन्शन वायरनं लांब घे.

आणि मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातनं आल्यासारखा होतो ना, तो बिघाड नव्हे. हेडसेटचा माइक चालू झाला की ब्लूटूथ ऐकण्याचा दर्जा उतरवतं. माइक लॅपटॉपचा निवड, कानातला आवाज परत भरीव होईल. फक्त तुमच्या खानापूरकडं पाऊस पत्र्यावर सडासड वाजत असला की तो माइक सगळा पाऊस साहेबाला ऐकवतो. तेव्हा हेडसेटचाच ठेव, गाणी नंतर ऐक.