वाचकांचे प्रश्न : नाचणाऱ्याच्या मागे बघा

प्रश्न : नातवाने मोबाईलवर एक इंग्रजी रॅपचा व्हिडिओ दाखवला. एक उघडाबंब माणूस नाचतोय, मधेच पिस्तूल काढतो, एकाच्या डोक्यात गोळी घालतो आणि परत नाचायला लागतो! मी म्हटलं बंद कर ते. तर म्हणतो, आजी याला संगीतातलं मोठं बक्षीस, ग्रॅमी मिळालंय, यात खूप अर्थ आहे. 'धिस इज अमेरिका' असं काहीतरी नाव होतं. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, मला तर काही अर्थ सापडला नाही. – एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, नमस्कार. तुम्ही दचकलात ते बरोबरच झालं, दचकावं म्हणूनच ते केलंय. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा हातातला चहा गार झाला होता, आणि मग लगेच पहिल्यापासून परत लावला. त्या दुसऱ्या वेळी मी ठरवून नाचणाऱ्या माणसाकडे बघितलंच नाही, त्याच्या मागे बघत राहिलो. तुम्हीही नातवाला शेजारी बसवून एकदा तसं बघा, मग आपण बोलू. तोवर मला काय दिसलं ते सांगतो.

गाणं चाइल्डिश गॅम्बिनोचं, म्हणजे डोनाल्ड ग्लोव्हर, हा नटही आहे आणि लेखकही. व्हिडिओ हिरो मुराई नावाच्या दिग्दर्शकाने केलाय, मे २०१८ मध्ये आला. सगळं घडतं एका भल्यामोठ्या रिकाम्या गोदामात. सुरुवातीला एकदम गोड कोरस, एक माणूस खुर्चीत बसून गिटार वाजवतोय, हा डुलत डुलत त्याच्यापर्यंत जातो आणि तोवर त्या गिटारवाल्याच्या तोंडावर पिशवी आलेली असते, कधी आली ते आपल्याला कळतही नाही. मग हा कंबर वाकडी करून, गुडघा दुमडून, असा तमाशातल्या सोंगाड्यासारखा उभा राहतो आणि गोळी झाडतो. नेमकं त्याच क्षणाला गोड कोरस गायब, खालून जडशीळ बास सुरू.

ती वाकडी पोझ बघा बरं. १९व्या शतकात अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टिंगल करणारे खेळ करायचे, त्यातलं सगळ्यात गाजलेलं सोंग म्हणजे 'जिम क्रो', थॉमस राइस नावाचा नट करायचा, पुढे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांनाही तेच नाव पडलं. त्या सोंगाच्या जुन्या चित्रात माणूस जवळपास असाच उभा आहे. म्हणजे लोकांना हसवणाऱ्या सोंगाच्या पोझमध्ये खून होतोय, आणि करणारा काळा, मरणाराही काळा. हे सगळं अर्ध्या सेकंदात येऊन जातं. गाण्यात याबद्दल एक अक्षर नाही, शब्द आपले पार्टीचे आणि पैशाचे, गाफील सापडू नकोस वगैरे.

मग पिस्तुलाचं काय होतं? एक मुलगा लाल कापड पसरून धावत येतो, त्यात ते पिस्तूल अलगद ठेवलं जातं, आपण देव्हाऱ्यातली मूर्ती पुसून ठेवतो ना तसं. आणि मेलेल्या माणसाला फरफटत बाजूला नेतात. मला विचाराल तर पूर्ण व्हिडिओ त्या लाल कापडात आहे, कारण हत्याराची काळजी जास्त की माणसाची हे सांगायला कवीला दोन कडवी लागली असती. थोड्या वेळाने चर्चमधला गायकवृंद आनंदाने गात असतो, हा दारातून येतो, कोणीतरी रायफल फेकतं, हा झेलतो आणि सगळ्यांना मारतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणाने ९ काळ्या भाविकांना मारलं होतं, अमेरिकेतल्या माणसाला त्याची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही. रायफलसाठी परत तेच लाल कापड.

आता मागे. पुढे शाळेच्या युनिफॉर्ममधली पोरं त्याच्याबरोबर झकास नाचतायत, आणि मागे माणसं जीव घेऊन पळतायत, गाडी पेटलीय, पोलीस आहेत, आणि मधूनच एक पांढरा घोडा जातो, वर काळ्या कपड्यातला स्वार. बायबलच्या शेवटच्या भागात मृत्यू फिकट घोड्यावर बसून येतो, बऱ्याच लोकांनी तो तोच घोडा आहे असं म्हटलंय. आपल्याला पहिल्या वेळी घोडा दिसतच नाही हो! घोड्याएवढा घोडा दिसत नाही, कारण आपण नाच बघत असतो. तुम्ही म्हणता अर्थ सापडला नाही, तर तुमचं लक्ष नाचाने पळवलं ना, तिथेच तो आहे.

आणि भाषेचं म्हणाल तर तुमच्याच विषयातलं उदाहरण देतो. 'मित्राच्या उदयाने सर्वांनाच आनंद होतो' हे श्लेषाचं उदाहरण तुम्ही किती वर्गांना घोकून घेतलं असेल, मित्र म्हणजे सखा आणि मित्र म्हणजे सूर्य. या गाण्यात एक ओळ आहे, तिचा मतलब एवढाच की हा मोबाईल आहे आणि हे टूल आहे. टूल म्हणजे अवजार, पण त्यांच्या रस्त्यावरच्या बोलीत टूल म्हणजे बंदूक. ही ओळ येते तेव्हा कॅमेरा वर जातो आणि वरच्या गॅलरीत तोंडं झाकलेली पोरं मोबाईल धरून खालचं शूट करताना दिसतात. आता यात तिसरा पदर असा, की व्हिडिओ येण्याच्या दीडेक महिना आधी, मार्च २०१८ मध्ये, सॅक्रॅमेंटोला स्टीफन क्लार्क नावाच्या काळ्या तरुणाला पोलिसांनी त्याच्या आजीच्या परसात गोळ्या घातल्या, त्यांना वाटलं हातात बंदूक आहे, आणि निघाला मोबाईल. तर मोबाईल हे अवजार, मोबाईल म्हणजेच बंदूक समजून मारलेला माणूस, आणि मोबाईल हाच साक्षीदार, हे सगळं एका ओळीत बसवलंय. हा श्लेष पेपरात आला असता तर तुम्ही पैकीच्या पैकी दिले असते.

फक्त एक सांगतो, अतिही करू नये. मधे एके ठिकाणी संगीत थांबतं, सगळे पळून जातात, शांतता. काहींनी ती मोजली, १७ सेकंद भरली, आणि अमेरिकेतल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबारात १७ जण मारले गेले होते त्यांच्यासाठी आहे असं लिहिलं. असेलही. पण मग मी स्टॉपवॉच घेऊन बसायचं का. ग्लोव्हरने स्वतः अर्थ उलगडून सांगायचं टाळलंच. शेवटी तो अंधाऱ्या बोळातून डोळे फाडून पळतोय आणि मागे माणसं लागलीयत, एवढा वेळ ऐटीत नाचणारा तोच माणूस. एवढं मला पुरतं.

नातू बरोबर आहे, २०१९ मध्ये चार ग्रॅमी मिळाले, वर्षातलं सर्वोत्तम गाणं हा मान रॅपला तेव्हा पहिल्यांदा मिळाला.

प्रश्न : रॅप म्हणजे आपला पोवाडाच की! शाहिरांनी हे कधीच केलंय, उगाच अमेरिकेचं कौतुक कशाला? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, नाही हो. पोवाड्याचा मान मोठा आहे त्यात वादच नाही, पण त्याला रॅपचा आजोबा करायची गरज नाही. रॅप ज्यातून आलं त्या हिप-हॉपचं मूळ घर न्यूयॉर्कचं ब्राँक्स, ऑगस्ट १९७३ मध्ये सेजविक अव्हेन्यूवरच्या एका बिल्डिंगमध्ये बहिणीच्या पार्टीला रेकॉर्ड वाजवणारा डीजे कूल हर्क, आणि तो आलेला जमैकाहून, जिथे लाऊडस्पीकरच्या भिंती लावून माइकवर बोलायची पद्धत आधीपासून होती. पोवाडा दुसऱ्याच्या पराक्रमाचा असतो, शाहीर स्वतः बाजूला उभा राहतो. रॅपर बहुतेक वेळा स्वतःचाच पोवाडा गातो, मी खोटं सांगत नाही! आणि १९८२ चं 'द मेसेज' हे रॅप गाणं ऐका, त्यात वीर कोणीच नाही, सुरुवातच रस्त्यावर पसरलेल्या फुटक्या काचांनी होते, जिन्यात मुतणारी माणसं, उंदीर, झुरळं, असं एकेक दाखवत जातात आणि मग दम कोंडतो.

पण एका गोष्टीत तुमचं म्हणणं मान्य. पोवाड्यात झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतो ना, तसा रॅपमध्ये मागे एक जण असतो, ओळीचा शेवटचा शब्द उचलतो, हुंकार भरतो. रॅपमधल्यासारखा सामना बघायचा असेल तर पोवाड्यापेक्षा कोकणातला कलगी-तुरा जास्त जवळचा, कोडं घाला, उत्तर द्या, समोरच्याची जिरवा. आणि इथल्या पोरांनी स्वतः जोडलेलं बघायचं असेल तर मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप ग्रुपचं २०१९ चं 'द वारली रिव्होल्ट' ऐका, आरेच्या जंगलातल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर त्यात आहेत. गाणं आरेचं, आणि नाव १९४५ च्या वारल्यांच्या उठावाचं, वेठबिगारीविरुद्धचा तो. नावातच अर्धं काम झालं.

प्रश्न : सर, 'बिग डॉग्ज' मला जाम आवडतं पण मित्र म्हणतात हा तर अमेरिकन ॲक्सेंट मारतो, यात भारतीय काय आहे? बोल पण निम्मेच कळतात. – कॉलेज विद्यार्थी, नांदेड

उत्तर : मित्रा, ॲक्सेंट मारत नाही रे तो, हे गाणारा रॅपर हनुमानकाइंड केरळात जन्मला पण वाढला टेक्ससच्या ह्यूस्टनमध्ये, त्याची जीभ तिथलीच आहे. 'डॉग' म्हणजे त्यांच्यात आपला भिडू, एवढं कळलं तरी गाणं निम्मं उघडतं. पण तू आवाज बंद करून व्हिडिओ बघ. २०२४ मध्ये केरळातल्या पोन्नानीला शूट केलेला मौत का कुआँ, हा तळाशी मधोमध उभा राहून रॅप करतोय आणि भिंतीवर मोटारसायकली आणि गाडी गरागरा फिरतायत. तू जत्रेत कधी वर चढून बघितलंयस का? मी लहानपणी बघितलंय, फळ्या अशा हलायच्या की वाटायचं आपणच पडणार, पेट्रोलचा वास नाकात, आणि स्वार एक हात सोडून लोकांच्या हातातली दहाची नोट ओढून न्यायचा. स्पीड आहे तोवर भिंतीला चिकटलेला, कमी झाला की खाली. गाण्याचा बीट पण तसाच आहे, थांबायला जागाच देत नाही. तर जीभ ह्यूस्टनची आणि भिंत आपल्या जत्रेतली, तो कुठला आहे हे त्याला वेगळं सांगावंच लागलं नाही, तू मित्रांना एवढंच सांग.

उलट उदाहरण पाहिजे तर 'मेरे गली में', २०१५ चं, अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी. तिथे शब्द आणि चित्र एकच बोलतात, गल्ली म्हणतो आणि गल्लीच दाखवतो. आज त्यात काय एवढं असं वाटेल, पण तेव्हा आपल्याकडच्या रॅप व्हिडिओत भाड्याच्या गाड्या आणि परदेशी बंगले हेच चालायचं, त्यात नेझीने त्याच्या आधी 'आफत' हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड करून आयपॅडवरच शूट केलं होतं. हलणारा कॅमेरा, मागे पत्रे, वायरी, आणि 'बोले तो' वाली भाषा. ती भाषा घासूनपुसून घेतली असती तर गल्ली पण खोटी वाटली असती.

प्रश्न : व्हिडिओत सगळे गळ्यात सोन्याच्या जाड चेन का घालतात, त्याचा काही गूढ अर्थ असतो का? मुलगा पहिल्या रॅप व्हिडिओसाठी तशीच चेन मागतोय. – एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, बऱ्याच वेळा काही अर्थ नसतो, शायनिंग असते. कधी असतोही, जसं वरच्या अमेरिकेच्या व्हिडिओत उघड्या अंगावर फक्त चेन, आणि इंग्रजीत चेन म्हणजे साखळदंडही, गुलामांच्या नातवंडा-पतवंडांच्या देशात ते नुसतं दागिना म्हणून बघता येत नाही. डोंबिवलीच्या पोराचं असं काही असेल तर त्याला विचारा, काय सांगतो बघा. नसेल तर एक ग्रॅमवाली घेऊन द्या, कॅमेऱ्यात काही कळत नाही.